वसईचा गोठा आणि बेथलेहेमची गव्हाण

कांहीं प्रवास देवदर्शनार्थ होतात, कांहीं हवापालटासाठीं होतात. आमचा बेथलेहेमचा प्रवास मात्र आमच्याच तोंडून गेलेल्या एका वाक्याचें परिमार्जन करण्यासाठीं झाला. तें वाक्य खरें होतें, आणि तरीही त्याचें परिमार्जन करावें लागलें. हें कसें झालें तें वाचकांस सांगतों.

वसईकडील एका गांवीं आमचे एक जुने स्नेही राहतात. एकाच शाळेंत आम्हीं बावीस वर्षें नोकरी केली. आम्ही संस्कृत शिकवीत होतों, ते चित्रकला. ते ख्रिस्ती, आम्ही भिक्षुकाच्या घरांतले. परंतु दिवाळीचा फराळ इकडून तिकडे आणि नाताळचीं पक्वान्नें तिकडून इकडे, हा क्रम कधीं चुकला नाहीं. नाताळांत त्यांच्या ओटीच्या कोपऱ्यांत ‘गोठा’ मांडला जाई. आपल्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करितात, त्याच जातीचा हा प्रकार. गवताचें उतरतें छपर, त्यावर कापसाचा बर्फ, मागें देवदाराच्या कृत्रिम फांद्या, तारेला टांगलेला विजेचा तारा. आंत मरिया, योसेफ व बाळ, आणि बाजूस मखमली झगे घातलेले तीन राजे. मूर्ति प्लास्टरच्या, वहिनींच्या आजीच्या वेळच्या. एका राजाचा हात मोडून पुन्हा चिकटविलेला होता.

२०१७ च्या नाताळांत हा गोठा पाहतां पाहतां आमच्यांतला मास्तर जागा झाला. भोंवतीं मुलें जमलीं होतीं. आम्हांस श्रोते मिळाले कीं आंवरत नाहीं. आम्ही म्हणालों, “हें सारें युरोपांतलें सोंग आहे. यहूद्यांच्या त्या मुलखांत असे देवदार कोठले आणि अशीं लांकडी छपरें कोठलीं? बायबलांत तर राजे नाहींतच, तीन हा आंकडाही नाहीं!” मुलें हंसलीं. वहिनी “चहा ठेवतें” म्हणून आंत गेल्या. पुढच्या वर्षीं आम्ही गेलों, तों कोपरा रिकामा! मास्तरांनीं हळूच सांगितलें, “ती म्हणते, गुरुजींसारखा शिकलेला माणूस खोटें म्हणतो, तर खोटें मांडायचें कशाला?” साठ वर्षांहून अधिक काळ एका घरांत चालत आलेली गोष्ट आमच्या दोन वाक्यांनीं बंद पडली होती. शरमेच्या भरांत आम्हीं वचन देऊन टाकलें, “खरा गोठा कसा होता तें आम्ही पाहून येऊं, तुम्ही घडवा.”

योग असा कीं आमचे धाकटे चिरंजीव त्या वेळीं नोकरीनिमित्त अम्मान येथें होते. २०१९ च्या फेब्रुवारींत आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों व तेथून यार्देन नदीचा पूल ओलांडून यरुशलेमास पोंचलों. नदीचें नांव मोठें, पात्र मात्र आपल्या एखाद्या ओढ्याएवढें. तेथून रस्ता समुद्रसपाटीच्या खालून चढत चढत आठशें मीटर उंचीवर येतो. यरुशलेमच्या दक्षिणेस नऊ-दहा किलोमीटरांवर बेथलेहेम. मधें इस्राएल सरकारनें बांधलेली काँक्रीटची उंच भिंत व चौकी आहे. यात्रेकरूंची बस सुखानें जाते, तेथील रहिवाश्यांस मात्र परवाना दाखवून रांगेंत उभें राहावें लागतें. गांवाच्या नांवाचा अर्थ हिब्रूंत ‘भाकरीचें घर’ आणि अरबींत ‘मांसाचें घर’. भोंवतालचे डोंगर पांढुरक्या चुनखडीचे, त्यांवर दगडी बांधांच्या ताली आणि जैतुनाचीं झाडें. बर्फ येथें एखाद्या हिवाळ्यांत पडतोही. तेव्हां वहिनींचा कापूस अगदींच निराधार नव्हता, हें आम्हांस पहिल्याच दिवशीं कबूल करावें लागलें.

जन्मस्थानाच्या मंदिराचा दरवाजा चार फुटांचा आहे. धिप्पाड पाश्चात्य यात्रेकरूही त्यांतून वांकून आंत शिरतात. आंत तांबूस दगडी खांबांच्या चार रांगा, आणि जमिनींत झांकणें उघडून दाखवितात तेथें खालीं जुन्या मंदिराची रंगीत खड्यांची फरशी. पहिलें मंदिर सम्राट् कॉन्स्टंटाइनच्या वेळचें. त्याचें समर्पण ३३९ सालीं झालें. सध्यांचें सहाव्या शतकांत सम्राट् जस्टिनियनच्या काळीं पुन्हा बांधलें गेलें. वेदीखालीं पायऱ्या उतरून गेलें म्हणजे गुहा लागते. लांबी सुमारें बारा मीटर, रुंदी तीन. जमिनींत चौदा टोकांचा रुप्याचा तारा आहे. १७१७ सालीं बसविलेला तारा १८४७ सालीं चोरीस गेला, आणि त्यावरून ग्रीक व लॅटिन पंथांत जें भांडण पेटलें तें क्रिमियाच्या युद्धाच्या कारणांपैकीं एक मानतात. आजही मंदिर ग्रीक, आर्मेनियन व लॅटिन अशा तीन पंथांत वांटलेलें आहे. कोणत्या पायरीवर कोणीं झाडू मारावा हेंसुद्धां ठरलेलें. नाताळही तेथें तीनदां होतो: २५ डिसेंबरला, ७ जानेवारीला आणि १९ जानेवारीला. खरी तारीख बायबलांत नाहींच. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना लेख रोममधील ३५४ सालच्या पंचांगांत सांपडतो. सालाचीही तीच गत. ज्याच्या राज्यांत जन्म झाला तो हेरोद राजा ख्रिस्तपूर्व ४ मध्यें वारला, म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळांतला, असा चमत्कारिक प्रसंग येतो!

ताऱ्यासमोर तीन पायऱ्या खालीं गव्हाणीची जागा दाखवितात. तेथें आतां संगमरवर, पडदे आणि दिवे आहेत, गव्हाण नाहीं. ह्या दुःखांत आम्हांस एक मोठा सोबती भेटला. बायबलाचें लॅटिन भाषांतर करणारा पंडित जेरोम हा ३८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे ४२० च्या सुमारापर्यंत, ह्याच गांवीं राहिला. त्याची गुहा शेजारींच आहे. त्यानें आपल्या एका प्रवचनांत तक्रार केली आहे कीं भक्तांनीं मानासाठीं मातीची गव्हाण काढून चांदीची बसविली, आणि आपणांस मात्र ती काढून टाकलेलीच अधिक मोलाची वाटते. सोळाशें वर्षांपूर्वींही एक भाषापंडित ह्याच ठिकाणीं उभा राहून ‘हें खरें नव्हे’ असें म्हणत होता, ह्याचा आम्हांस थोडा आनंद झाला. लगेच वहिनींची आठवण होऊन तो ओसरला.

गोठा मांडण्याची चाल तर बेथलेहेमची नव्हेच. १२२३ सालीं इटालींतील ग्रेच्चो गांवीं संत फ्रान्सिसनें गव्हाण, वैरण, जिवंत बैल व गाढव आणून नाताळची उपासना केली, तेथून ती लोकप्रिय झाली. त्याच्याच पंथाचे साधु बेथलेहेमांत लॅटिन पंथाची व्यवस्था पाहतात, आणि त्यांच्याच एका मंदिराचे अवशेष आमच्या वसईच्या किल्ल्यांत उभे आहेत. मजा अशी कीं लूकच्या शुभवर्तमानांत बैल नाहीं आणि गाढवही नाहीं. तीं दोन्हीं यशया प्रवक्त्याच्या ग्रंथांतील एका वचनावरून पुढें आलीं. गव्हाण मात्र लूकमध्यें आहे, आणि ‘उतारशाळेंत जागा नव्हती’ हेंही आहे. सगळा घोटाळा ह्या उतारशाळेनें केला आहे.

ग्रीक आम्हांस येत नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं वसईच्या एका धर्मगुरूंनीं कोश काढून दाखविला होता. येथें लूकनें वापरलेला शब्द ‘काताल्युमा’. हाच शब्द तो पुढें, शेवटच्या भोजनाच्या प्रसंगीं, घरांतील पाहुण्यांच्या खोलीस योजतो. आणि जेथें त्यास पैसे देऊन उतरावयाची सराय म्हणावयाची आहे, म्हणजे दयाळू शोमरोन्याच्या गोष्टींत, तेथें तो निराळा शब्द घालतो. ‘काताल्युमा’चा मूळ धातु ‘सोडणें’; प्रवाशानें जनावरें सोडावयाची जागा ती. आम्ही पाहतच राहिलों. वेदांत ‘अवसान’ हा शब्द नेमका असाच आहे: घोडे सोडून विसांवा घेण्याची जागा! मराठींत त्या बिचाऱ्या शब्दाची अखेर मरणांत झाली, ही गोष्ट वेगळी. तात्पर्य, सरायवाल्यानें दार लावून घेतलें ही कथा नंतरची. नातलगांच्या घरीं पाहुण्यांची जागा भरलेली होती, म्हणून बाळ गव्हाणींत ठेवलें. केनेथ बेली नांवाच्या अमेरिकन पंडितानें, ज्यानें अनेक वर्षें अरब देशांत अध्यापन केलें, १९७९ सालीं हेंच मत मांडलें. पण मग घरांत गव्हाण कशी? हें पाहण्यासाठीं घर हवें होतें.

तें मिळालें एका लांकूड कोरणाऱ्या वृद्ध गृहस्थांच्या कृपेनें. बेथलेहेमांत जैतुनाच्या छाटलेल्या फांद्यांपासून मूर्ति करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दुकानांत आम्हीं मूर्तीची किंमत न विचारतां तिच्या भोंवतालच्या घराविषयीं विचारलें, तेव्हां त्यांनीं वेलदोड्याची कॉफी पाजली आणि दुकान मुलाच्या हवालीं करून आम्हांस आपल्या आजोबांच्या घरीं नेलें. घर आतां रिकामें, अडगळीचें. पण मोडलेलें नव्हतें. दारांतून आंत शिरलें कीं खोल भाग, तो जनावरांचा. तेथून चार पायऱ्या चढून ओट्यासारखी प्रशस्त उंच जागा. कुटुंब तेथेंच रांधी, जेवी व निजे. मधें भिंत नाहीं. आणि त्या ओट्याच्या कडेस दगडांत खोदलेले दोन खळगे. खालीं उभ्या जनावराचें तोंड बरोबर तेथें पोंचावें, आणि वर निजलेल्या माणसाचा हातही तेथें पोंचावा! ते गृहस्थ म्हणाले, “माझा बाप लहानपणीं ह्यांत निजे. हिवाळ्यांत ह्याहून उबदार जागा घरांत नव्हती.”

आम्ही तेथें बराच वेळ बोललों नाहीं. आमचें आजोळ पंढरपूरच्या बाजूचें, माळवदाचें. दिंडीदरवाजांतून आंत आलें कीं डाव्या हातास दावण, आणि दोन पायऱ्या चढून सोपा. रात्रीं जाग आली म्हणजे अंधारांत गाईच्या रवंथाचा आवाज येई आणि पुन्हा झोंप लागे. गव्हाण ह्या शब्दाच्या मुळाशीं ‘गवादनी’ हा संस्कृत शब्द दिसतो, हें आम्हीं वर्गांत कितीदां सांगितलें असेल; पण गव्हाण म्हणजे दैन्य, असेंच आम्हीही नाताळच्या चित्रांवरून धरून चाललों होतों. येथें दिसलें कीं ती घराबाहेरची जागा नव्हेच, घराच्या मधोमध आहे. आम्हीं शिंप्याची टेप काढली. आंतली लांबी सोळा फूट, रुंदी तेरा. ओट्याची उंची तीन फूट. गव्हाण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट खोल. आमच्या सौभाग्यवतीनें आंकडे टिपून घेतले. छत मात्र दगडी घुमटाचें होतें; तें अलीकडच्या शतकांतलें. दोन हजार वर्षांपूर्वीं तेथें तुळया, त्यांवर काटक्या व वर चोपलेली माती असे, म्हणजे आपलें माळवदच. तें काम आम्हांस कोणाकडून शिकावयास नको होतें.

यरुशलेमच्या संग्रहालयांत हेरोदाच्या काळचे दिवे पाहिले. चाकावर केलेले, आणि चोंच सुरीनें तासून बसविलेली. मऊ चुनखडीचीं भांडींही पाहिलीं. विटाळ मातीच्या भांड्यास लागतो, दगडाच्या भांड्यास लागत नाहीं, अशी यहूदी धर्मशास्त्राची समजूत. आमच्या वाचकांस ती फार परकी वाटूं नये.

परत आल्यावर जूनपासून काम सुरू झालें. प्रमाण धरलें एका फुटास एक इंच. मास्तरांनीं चुन्याची व पांढऱ्या सिमेंटची भिंत घडविली, समोरची बाजू मोकळी ठेविली. माणसें साडेपांच इंचांचीं, मातीचीं. मरियेस गुलाबी रेशीम न देतां लोंकरीचें जाडें वस्त्र दिलें. योसेफ म्हातारा न करितां तरुण केला, कारण त्याचें वय शुभवर्तमानांत कोठेंच दिलेलें नाहीं. दिवा कुंभाराकडून करविला. सव्वा इंचाच्या दिव्यास चोंच बसेना, तेव्हां कुंभारानें आम्हां दोघांस वेड्यांत काढलें. मेंढ्यांवरून तर भांडण झालें. तिकडच्या मेंढ्यांचें शेपूट चरबीनें जाड व रुंद असतें. हिरोडोटसनेंही अरबस्तानच्या अशा मेंढ्यांचें वर्णन केलें आहे. मास्तरांनीं वसईच्या बाजारांतल्या मेंढ्या केल्या होत्या. आम्हीं त्या सर्व मोडावयास लावल्या. नव्या मेंढ्या पाहून नातवंडें म्हणालीं, “आजोबा, मेंढीला मागें उशी कां बांधली?”

राजांचा निकाल आम्हीं आधींच लावला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानांत ‘मागी’ आहेत, तेही किती तें सांगितलेलें नाहीं. भेटी तीन म्हणून माणसें तीन झालीं. सिरियाच्या ख्रिस्ती परंपरेंत तर ते बारा. मागी म्हणजे पारशिकांचे अग्निपूजक उपाध्याय. आपल्या भविष्यपुराणांत सांबानें सूर्यपूजेसाठीं शाकद्वीपांतून आणलेले ‘मग’ ब्राह्मण ते ह्याच नांवाचे, आणि सूर्याची प्रतिष्ठा मगांनींच करावी असें वराहमिहिरही बृहत्संहितेंत सांगतो. म्हणजे नाताळच्या देखाव्यांत आम्हांस नात्यांतलें कोणी असेल तर तें हेच! बेथलेहेमांत अशी दंतकथा सांगतात कीं ६१४ सालीं इराणी सैन्य आलें तेव्हां मंदिरावरच्या चित्रांत आपल्याच देशचा पेहराव केलेले मागी पाहून त्यानें तें मंदिर जाळलें नाहीं. शिवाय मागी आले ते नंतर, आणि ‘घरांत’ आले; जन्माच्या रात्रीं त्यांचें काम नाहीं. आम्हीं त्यांस वगळलें.

२३ डिसेंबर २०१९ रोजीं संध्याकाळीं गोठा ओटीवर मांडला. मास्तरांनीं दिव्यांत खरी वात लाविली. सहा महिन्यांची मेहनत आणि चोवीस पानांची आमची टिपणवही त्यामागें होती. वहिनींस बोलाविलें. त्यांनीं पदराला हात पुसले आणि खालीं बसून पुष्कळ वेळ पाहिलें. मग विचारलें, “गुरुजी, एक विचारूं? घर नातलगांचें ना?”

“होय.”

“घरांत बाई बाळंत झाली, आणि तिथें दुसरी एकही बाई नाहीं?”

आम्ही निरुत्तर झालों. वहिनींच्या सासूबाई गांवच्या सुईण होत्या; त्यांच्याबरोबर कंदील घेऊन वहिनी रात्रीअपरात्रीं घरोघर गेल्या होत्या. त्या पुढें म्हणाल्या, “सुईण कुठे आहे? ऊन पाणी कुठे आहे? आणि हा नवरा असा बाळंतिणीच्या उशाशीं कसा उभा? त्याला बाहेर काढा.” असें म्हणून त्यांनीं स्वतःच योसेफास उचललें आणि दाराबाहेर मेंढपाळांजवळ नेऊन ठेविलें.

वास्तविक हें आम्हांस माहीत असावयास हवें होतें. दुसऱ्या शतकांतील, याकोबाच्या नांवावर चालणाऱ्या एका ग्रंथांत सुईण आहे, सलोमी नांवाची बाई आहे. पूर्वेकडच्या पंथांच्या चित्रांत दोन बाया बाळास न्हाऊं घालीत असतात. हें आम्हीं वाचलेंही होतें. पण तो ग्रंथ प्रमाणग्रंथांत नाहीं म्हणून आम्हीं त्या बायांस घराबाहेर ठेविलें, आणि आमच्या ‘खऱ्या’ गोठ्यांत एक पुरुष, चार मेंढपाळ, सात मेंढ्या, एक बैल, एक गाढव आणि एकटी बाळंतीण, असा संसार मांडला! मास्तरांनीं त्याच रात्रीं माती भिजविली. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तीन बाया तयार झाल्या. एक सुईण, एक घरची वृद्धा, एक पाण्याचें भांडें घेऊन चढणारी. माती पुरती वाळली नव्हती. वहिनींनीं बाळाच्या मूर्तीवरील कापड सोडून पट्ट्या आपल्या हातांनीं पुन्हा गुंडाळल्या. मास्तरांनीं त्या उलट्या दिशेनें गुंडाळल्या होत्या म्हणे.

मग त्यांनीं कपाटांतून आजीच्या जुन्या मूर्ति काढल्या. तिघे राजे खिडकीच्या कठड्यावर ठेविले. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत रोज एक वीत पुढें सरकवावयाचे. ही चाल पुष्कळ ख्रिस्ती घरांत आहे, आणि मत्तयाशीं ती आमच्या वगळण्यापेक्षां अधिक जुळते. आजीचें बाळ मात्र चार इंचांचें. आमच्या गव्हाणींत तें मावेना. वहिनींनीं घरापुढें एक घडी घातलेला रुमाल ठेवून त्यावर तें निजविलें. प्रमाणाविषयीं आम्ही चकार शब्द बोललों नाहीं.

फोटो बेथलेहेमच्या त्या वृद्ध गृहस्थांस पाठविला. चार दिवसांनीं उत्तर आलें. बाया पाहून त्यांस फार बरें वाटलें होतें. परंतु गव्हाण पायऱ्यांपासून फार दूर गेली आहे, गाढवानें तेथवर मान कशी न्यावी, असा आक्षेप होता. टिपणवही काढली, चूक आमचीच होती. दोन्हीं गव्हाणींतील अंतर आम्हीं पायऱ्यांपासूनचें म्हणून सांगितलें होतें.

पुढें महामारीचीं वर्षें आलीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत गाझाचें युद्ध सुरू झालें आणि बेथलेहेमची यात्रा थांबली. त्या वर्षीं तेथें नाताळचा सार्वजनिक उत्सव झाला नाहीं, आणि एका ल्यूथरन मंदिरांत बाळाची मूर्ति पडक्या दगडविटांच्या ढिगाऱ्यांत ठेविली होती. ते चित्र वर्तमानपत्रांत पाहून आम्हीं त्या गृहस्थांस फोन केला. दुकान बंद होतें. मुलगा काम शोधीत होता. घर उभें होतें. आम्हांस पुढें काय बोलावें तें सुचेना. त्यांनींच विचारलें, “ती गव्हाण सरकवली का?”

“सरकवली,” आम्ही म्हणालों. “दोन इंच.”